भारतीय पर्यावरण-माहितीपट : प्रसार, परिणाम आणि मर्यादा

पर्यावरणविषयक माहितीपट हा प्रकार भारतात दीर्घकाळ चित्रपटसृष्टीच्या कडेकडेने वाढला आणि गेल्या काही वर्षांत अचानक तिच्या दर्शनी भागात आला. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाला २०२२ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक माहितीपट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी कान महोत्सवात माहितीपटांसाठीचा ‘गोल्डन आय’ पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी त्याने ऑस्करच्या अंतिम यादीत स्थान मिळवले. २०२३ च्या मार्चमध्ये कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या तमिळ लघुमाहितीपटाने ऑस्कर जिंकले, तर त्याच वर्षी सर्वनिक कौर यांच्या मुंबईतील कोळी समाजावरील ‘अगेन्स्ट द टाइड’ला सनडान्समध्ये विशेष परीक्षक पारितोषिक देण्यात आले. या यशामुळे पर्यावरणपटांची पोहोच वाढली आहे, असे विधान आता सर्रास केले जाते आणि ते चुकीचेही नाही. मात्र पोहोच वाढली म्हणजे नेमके काय वाढले, चित्रपट कोणापर्यंत आणि कोणत्या भाषेत गेला, आणि तो पाहिल्यानंतर जमिनीवर काही बदलले की नाही, हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत. प्रेक्षकसंख्या आणि परिणाम यांचे नाते वाटते तितके सरळ नाही, हे भारतीय पर्यावरणपटांच्या वाटचालीतून दिसते. ज्या ठिकाणी निर्णय घेतले जातात आणि ज्या ठिकाणी त्या निर्णयांची झळ पोचते, अशा दोन्ही ठिकाणी जे चित्रपट जाऊ शकले, तेच अधिक टिकाऊ ठरले, असे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

प्रकार आणि त्यांची उद्दिष्टे

माहितीपट म्हणजे प्रत्यक्ष व्यक्ती, स्थळे व घटना यांच्या चित्रणावर आधारलेला, परंतु निवड आणि मांडणी यांतून एक अर्थ उभा करणारा चित्रपट होय. पर्यावरण हा विषय घेणाऱ्या अशा चित्रपटांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार निसर्गपटांचा. त्यात प्राणी, पक्षी, वने, समुद्र यांचे जीवनचक्र केंद्रस्थानी असते आणि माणूस बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतो. दुसरा प्रकार संघर्षपटांचा असून धरणे, खाणी, कारखाने वा प्रदूषण यांमुळे ज्यांचे जगणे विस्कटले त्या समाजांची बाजू मांडणे, हे त्याचे मुख्य प्रयोजन असते. तिसरा प्रकार निरीक्षणात्मक माहितीपटांचा. त्यात निवेदकाचा आवाज नसतो, मुलाखती अगदी थोड्या असतात, कॅमेरा महिनोन्‌महिने काही व्यक्तींच्या सहवासात राहतो आणि पर्यावरणाचा प्रश्न त्यांच्या घरगुती व्यवहारातून हळूहळू उलगडत जातो. हे तीन प्रकार काटेकोरपणे वेगळे नाहीत. तथापि प्रत्येकाचा प्रेक्षक, पैशाचा स्रोत आणि प्रसाराचा मार्ग निराळा असल्याने पोहोचीचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

शासकीय प्रसाराचा काळ

स्वतंत्र भारतात माहितीपटांच्या निर्मितीची आणि वितरणाची जबाबदारी प्रथम शासनाने उचलली. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे हे चित्रपटगृहांवर परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते आणि अनेक भारतीय भाषांत त्यांच्या प्रती काढल्या जात. केवळ प्रेक्षकसंख्येचा विचार केला, तर आजच्या कोणत्याही मंचाला हेवा वाटावा असे ते जाळे होते. परंतु या प्रेक्षकांनी चित्रपटाची निवड केलेली नसे आणि धरण, कालवा, खाण व पोलादाचा कारखाना ही त्या लघुपटांच्या लेखी प्रगतीची प्रतीके होती. विस्थापन किंवा जंगलतोड हा प्रश्न म्हणून त्यात क्वचितच येई. पर्यावरणपटाचा उदय झाला तो बऱ्याच अंशी या दृष्टीला दिलेल्या उत्तरातून.

दूरदर्शनचा विस्तार झाल्यावर चित्र थोडे बदलले. १९८० च्या दशकात मुंबईच्या ‘सँक्च्युअरी’ नियतकालिकाशी संबंधित मंडळींनी ‘प्रोजेक्ट टायगर’ आणि ‘रक्षक’ या मालिका दूरदर्शनसाठी तयार केल्या आणि एकाच वाहिनीच्या त्या काळात वन्यजीवसंरक्षण हा विषय घराघरांत पोहोचला. मात्र चित्रपटात शासनावर किंवा उद्योगावर टीका आली की याच माध्यमाचे दार बंद होई. भोपाळ वायुदुर्घटनेवरील ‘बियाँड जेनोसाइड’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळूनही दूरदर्शनने तो दाखवण्यास नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार असमर्थनीय ठरवला. शासकीय माध्यमाला केवळ टीका अडचणीची वाटते म्हणून चित्रपट अडवता येत नाही, हे तत्त्व या खटल्यामुळे प्रस्थापित झाले आणि पर्यावरणपटाच्या प्रसाराचा प्रश्न अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रश्नाशी कायमचा जोडला गेला.

चळवळींच्या हाती आलेला कॅमेरा

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिडिओ तंत्र स्वस्त झाले आणि फिल्मच्या रिळांचा, प्रयोगशाळेचा व मोठ्या प्रोजेक्टरचा खर्च टाळता येऊ लागला. या बदलाचा सर्वांत ठळक ठसा नर्मदा खोऱ्यातील चित्रपटांवर दिसतो. अली काझिमी यांचा ‘नर्मदा : अ व्हॅली रायझेस’ (१९९४), आनंद पटवर्धन व सीमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५), झरना झवेरी व अनुराग सिंग यांचा ‘कैसे जीबो रे’ (१९९७), संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’ (२००२) आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’ (२००२) अशी एकाच प्रश्नावरील चित्रपटांची मालिकाच तयार झाली. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी मणिबेली हे बुडिताचा पहिला तडाखा बसलेले गाव ‘अ नर्मदा डायरी’मध्ये विस्ताराने येते. पाणी चढत असताना गाव न सोडण्याचा निर्धार करून बसलेली माणसे, त्यांना हलवण्यासाठी आलेली पोलिसांची तुकडी आणि त्याच काळात साजरे होणारे आदिवासींचे सण हे सारे त्यात दैनंदिनीच्या क्रमाने समोर येते. त्यामुळे प्रेक्षकाला विस्थापन ही एखाद्या दिवशी घडून जाणारी घटना न वाटता वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया वाटते.

या चित्रपटांनी धरण थांबवले नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला मुभा दिली आणि खोऱ्यातील गावे टप्प्याटप्प्याने पाण्याखाली गेली. तरीही त्यांचा प्रसार निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. महाविद्यालयांतील मंडळे, कामगार संघटना, वस्त्यांमधील सभा आणि परदेशातील विद्यापीठे अशा मार्गांनी हे चित्रपट फिरले, हातोहात गेलेल्या व्हिडिओ कॅसेटी पुन्हा पुन्हा उतरवून घेतल्या गेल्या, आणि ‘विकास कोणासाठी’ हा प्रश्न शहरी मध्यमवर्गाच्या चर्चेत आणण्यात त्यांचा वाटा राहिला. तसेच, आता अस्तित्वात नसलेल्या गावांचा चित्रित दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल काळाबरोबर वाढत गेले आहे.

याच परंपरेतील पटवर्धन यांच्या ‘फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड’ (१९९८) या माहितीपटाने यांत्रिक मच्छीमारी जहाजे व कोळंबी प्रकल्प यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या मच्छीमारांच्या संघटनांचे चित्रण केले. झारखंडमध्ये श्रीप्रकाश यांनी जादुगोडा येथील युरेनियम खाणीच्या परिसरातील आदिवासींच्या आरोग्यावर ‘बुद्ध वीप्स इन जादुगोडा’ (१९९९) हा चित्रपट केला, तर बिजू टोप्पो व मेघनाथ यांनी स्पंज आयर्न कारखान्यांच्या प्रदूषणावर ‘लोहा गरम है’ हा माहितीपट काढला आणि त्याला पर्यावरणपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टोप्पो हे स्वतः आदिवासी समाजातील असल्याने आपल्या प्रदेशाचे चित्रण आपणच करण्याची एक स्वतंत्र धारा येथून सुरू झाली.

या चित्रपटांपुढील मोठा अडथळा प्रमाणपत्राचा होता. १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र आवश्यक असते. १९९० पासून मुंबईत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाच्या २००४ च्या आवृत्तीसाठी भारतीय चित्रपटांवर ही अट घालण्यात आली, तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. त्यातून देशभर छोट्या, नियमित प्रदर्शनांचे जाळे विणले गेले. चित्रपटगृहाशिवाय आणि वाहिनीशिवाय प्रेक्षक मिळवता येतो, याचा तो वस्तुपाठ होता.

वन्यजीवपट आणि धोरण

निसर्गपटांच्या धारेत बेदी बंधू, माइक पांडे, शेखर दत्तात्री, कृष्णेंदु बोस, रीटा बॅनर्जी यांची नावे ठळकपणे घ्यावी लागतात. या धारेचा प्रेक्षक सुरुवातीस प्रामुख्याने परदेशी वाहिन्यांचा होता. परंतु चित्रपट आणि धोरण यांचे नाते समजून घेण्यासाठी सर्वांत उद्‌बोधक उदाहरणेही तिच्यातच सापडतात.

माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (२०००) हा माहितीपट गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या व्हेल शार्कच्या शिकारीवर आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा असून तो प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगतो आणि माणसाला निरुपद्रवी असतो. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडले जाई आणि पुढे मांसाला परदेशातून मागणी आल्यावर शिकार झपाट्याने वाढली. शिकारीत पिंपांचा उपयोग होत असल्याने स्थानिक मच्छीमार या माशाला ‘बॅरल’ म्हणूनच ओळखत. किनाऱ्यावर ओढून आणलेल्या अवाढव्य माशाचे तुकडे करण्याची दृश्ये या चित्रपटाने प्रथमच समोर आणली. २००० मध्ये चित्रपटाला वन्यजीवपटांच्या क्षेत्रात ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणून ओळखला जाणारा पांडा पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये व्हेल शार्कचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला आणि २००२ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याला स्थान मिळाले.

येथपर्यंतची हकीकत बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. परंतु तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण कायदा झाल्याने मच्छीमारांच्या जाळ्यात अडकणारे मासे थांबणार नव्हते. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वनखाते आणि काही उद्योगसंस्था यांनी किनाऱ्यावर मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि मासा सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना आखण्यात आली. पुढे मच्छीमारांनाच जलरोधक कॅमेरे देऊन सुटकेचे चित्रण हा भरपाईसाठीचा पुरावा मानला जाऊ लागला. ज्यांचे कृत्य एकेकाळी कॅमेऱ्याने उघडकीस आणले होते, त्यांच्याच हाती कॅमेरा देणारी ही व्यवस्था होती. चित्रपटाने प्रश्नाला वाचा फोडली, कायद्याने बंदी घातली आणि स्थानिक भाषेतील आवाहन व आर्थिक भरपाई यांनी ती बंदी व्यवहारात आणली; या साखळीतील कोणतीही एक कडी एकटीने पुरेशी ठरली नसती.

शेखर दत्तात्री यांनी सायलेंट व्हॅलीच्या वर्षावनावर केलेला चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त आहे. पण प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने त्यांचा ‘माइंडलेस मायनिंग’ (२००१) हा कुद्रेमुखच्या लोहखनिजाच्या खाणीवरील छोटा चित्रपट अधिक महत्त्वाचा ठरतो. पश्चिम घाटातील राष्ट्रीय उद्यानात चालणाऱ्या या खाणीविरुद्ध संरक्षणवादी संघटना न्यायालयात लढत होत्या आणि त्यांच्या मोहिमेचे एक साधन म्हणून हा चित्रपट तयार झाला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाण बंद करण्याचा निर्णय दिला आणि २००५ च्या अखेरीस उत्खनन थांबले. या निर्णयाचे श्रेय चित्रपटाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण कायदेशीर लढा स्वतंत्रपणे उभा होता. तथापि मोजक्याच, परंतु निर्णयप्रक्रियेशी संबंधित प्रेक्षकांसाठी चित्रपट करता येतो आणि त्याची पोहोच तिकिटांच्या किंवा दर्शकांच्या आकड्यांत मोजायची नसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

वाहिन्या, महोत्सव आणि डिजिटल मंच

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्कव्हरी, नॅशनल जिओग्राफिक, ॲनिमल प्लॅनेट या वाहिन्या भारतात आल्या आणि निसर्गपट हा नित्याचा कार्यक्रम झाला. त्यांतून सेरेंगेटीचे सिंह भारतीय मुलांना परिचित झाले. मात्र माळढोक, तणमोर, सह्याद्रीतील सडे किंवा खाडीतील खारफुटी त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. देशी विषयांची ही उणीव अंशतः पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने भरून काढली. २००० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने स्वतंत्र माहितीपटकारांना अर्थसाहाय्य देऊन त्यांचे चित्रपट दूरदर्शनवर आणले.

याच सुमारास केवळ पर्यावरणाला वाहिलेले महोत्सव सुरू झाले. सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेचा ‘वातावरण’ महोत्सव २००२ मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि नंतर तो शहरोशहरी जाऊ लागला. पुण्यातील किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने हाच मार्ग महाराष्ट्रात अनुसरला. २०२० मध्ये पाचगणीशी नाते सांगत सुरू झालेला ‘ऑल लिव्हिंग थिंग्ज’ महोत्सव साथीच्या काळामुळे ऑनलाइन भरवावा लागला आणि त्यामुळे तो एका गावापुरता न राहता देशभरातील प्रेक्षकांपर्यंत गेला.

चित्रपटगृहातील प्रदर्शनाचे प्रयोगही झाले. कर्नाटकच्या निसर्गावरील ‘वाइल्ड कर्नाटक’ जानेवारी २०२० मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याचे इंग्रजी निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे होते आणि भारतीय भाषांतील निवेदनासाठी परिचित अभिनेत्यांची निवड करण्यात आली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवंगत अभिनेते पुनीत राजकुमार यांचा दिग्दर्शक अमोघवर्ष यांच्यासोबतचा राज्यभ्रमंतीचा ‘गंधद गुडी’ प्रदर्शित झाला आणि एरवी माहितीपटाकडे न फिरकणारा प्रेक्षक आपल्या लाडक्या अभिनेत्याच्या ओढीने चित्रपटगृहात आला. प्रादेशिक भाषा आणि लोकप्रिय चेहरा यांच्या साहाय्याने निसर्गपटाला किती मोठा प्रेक्षक मिळू शकतो, याचे हे उदाहरण होय.

ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून थेट प्रेक्षकाच्या उपकरणावर चित्रपट पोहोचवणाऱ्या मंचांनी या साऱ्याचे गणित बदलले. त्यांना सेन्सॉर प्रमाणपत्राची गरज नसते, एकाच वेळी अनेक देशांत प्रदर्शन करता येते आणि उपशीर्षकांमुळे मूळ भाषा टिकवता येते. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ याचा सर्वांत मोठा लाभार्थी ठरला. मुदुमलै येथील तेप्पकाडू हत्ती छावणीत पोरक्या पिल्लांचा सांभाळ करणाऱ्या बोम्मन व बेल्ली या दांपत्याची ही कथा नेटफ्लिक्सवरून जगभर गेली. ऑस्करनंतर तमिळनाडू शासनाने दोन छावण्यांतील ९१ माहूत व कावडी, म्हणजे माहुतांचे साहाय्यक, यांना प्रत्येकी १ लाख रुपये आणि त्यांच्या घरांसाठी ९.१० कोटी रुपये जाहीर केले. चित्रपटाच्या कीर्तीचा इतका थेट आर्थिक परिणाम भारतात क्वचितच झाला आहे.

‘ऑल दॅट ब्रीद्स’ची वाटचाल याहून वेगळी आहे. दिल्लीतील वजिराबाद भागात तळघरात द्रवरूप साबणाची उपकरणे बनवण्याचा छोटा व्यवसाय करणारे दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, कारण मांसाहारी पक्षी म्हणून धर्मादाय रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतले नव्हते, हे त्याचे कथासूत्र आहे. कचऱ्याच्या ढिगांवर जगणारे पक्षी, मांज्याने कापलेले पंख, यंत्रांच्या शेजारीच मांडलेल्या खोक्यांतील रुग्ण घारी आणि बाहेर वाढत जाणारी सामाजिक दुही यांना चित्रपट एकाच श्वासात बांधतो आणि हवेच्या प्रदूषणाविषयी एकही आकडा न सांगता त्याची जाणीव करून देतो. परंतु त्याचा निधी व वितरण प्रामुख्याने परदेशी असल्याने जगातील महोत्सवांत गाजल्यानंतर भारतीय प्रेक्षकांच्या हाती सहज येण्यास त्याला बराच काळ लागला.

महाराष्ट्रातील स्थिती

फिल्म्स डिव्हिजन, मुंबईचा माहितीपट महोत्सव, ‘विकल्प’ आणि पुण्याचा वसुंधरा महोत्सव यांमुळे माहितीपटाच्या पायाभूत व्यवस्थेत महाराष्ट्र नेहमीच अग्रभागी राहिला आहे. याउलट मराठीत तयार झालेल्या व मराठी प्रेक्षकांसमोर सातत्याने आलेल्या पर्यावरणपटांची संख्या तुटपुंजी आहे. मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकांनी रानाविषयीचे समृद्ध गद्य मराठीत निर्माण केले असताना निसर्गपटांतील मराठी निवेदने मात्र बहुतांशी इंग्रजी संहितांच्या भाषांतरावर भागवली जातात, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

‘अगेन्स्ट द टाइड’ या पार्श्वभूमीवर वेगळा ठरतो. त्यात मुंबईतील दोन कोळी मित्र आहेत. एक वडिलोपार्जित पद्धतीने लहान होडीतून किनाऱ्यालगत मासेमारी करतो, तर दुसरा परदेशात शिकून आलेला, मोठ्या बोटीचे कर्ज डोक्यावर घेऊन खोल समुद्रात जाणारा आहे. मासळी घटत चालल्याने दुसऱ्याला एलईडी दिव्यांच्या प्रखर प्रकाशात मासे ओढून घेण्याच्या बेकायदेशीर तंत्राचा मोह पडतो. हे तंत्र लहान-मोठी सारीच मासळी एकदम खेचून घेते आणि केंद्र शासनाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातलेली आहे. दोघांच्या मैत्रीत पडणारा पीळ समुद्राच्या ऱ्हासाचे माप बनतो. पटवर्धनांच्या १९९८ च्या चित्रपटात मच्छीमार आणि कंपनी असे दोन पक्ष समोरासमोर होते. येथे तोच संघर्ष कोळीवाड्यातील दोन घरांत उतरला आहे. पंचवीस वर्षांत समुद्राचे आणि माहितीपटाच्या शैलीचे काय झाले, हे या दोन चित्रपटांच्या तुलनेतून नेमके कळते.

महाराष्ट्रातील दुसरा उल्लेखनीय प्रयोग पानी फाउंडेशनचा. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतून सुरू झालेल्या वॉटर कप स्पर्धेत पाणलोट विकासाचे प्रशिक्षण देण्यासाठी मराठी चित्रफितींचा पद्धतशीर वापर झाला. समतल चर कसा आखावा, उतार कसा मोजावा, दगडी बांध कोठे घालावा, हे गावकऱ्यांना पडद्यावर दाखवून मग शिवारात करवून घेतले जाई. ‘तुफान आलंया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने या गावांच्या कथा राज्यभर नेल्या. पाणलोटाच्या कामांची शास्त्रीयता, यंत्रांचा वापर आणि परिणामांचा टिकाऊपणा यांवर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. तरीही ज्यांचे चित्रण झाले तेच मुख्य प्रेक्षक आहेत आणि चित्रपट पाहणे हे कामाचे पहिले पाऊल आहे, ही मांडणी महोत्सवी माहितीपटांत सहसा आढळत नाही.

परिणामाचे मोजमाप

जागतिक पातळीवर ‘ॲन इन्कन्व्हिनिअंट ट्रुथ’ने (२००६) हवामानबदलाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला, तर ‘ब्लॅकफिश’नंतर (२०१३) उसळलेल्या लोकमतामुळे अमेरिकेतील सीवर्ल्ड या कंपनीने २०१६ मध्ये ऑर्का या सागरी सस्तन प्राण्यांची पैदास थांबवण्याचे जाहीर केले. अशा उदाहरणांवरून माहितीपट लोकांची वर्तणूक बदलतात, असा सर्वसाधारण समज झाला आहे. परंतु ‘ब्लू प्लॅनेट २’ या गाजलेल्या मालिकेविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाधारित अभ्यासात असे आढळले की, मालिका पाहिल्याने प्रेक्षकांच्या माहितीत भर पडली, पण प्लॅस्टिकच्या वस्तू टाळण्याच्या प्रत्यक्ष निवडीत फरक पडला नाही. माहिती, भावना आणि कृती या पायऱ्या आपोआप एकीतून दुसरीत जात नाहीत. ‘ब्लॅकफिश’च्या बाबतीत दबाव आणण्यासाठी एक ठरावीक कंपनी समोर होती, व्हेल शार्कच्या बाबतीत कायद्यातील अनुसूची होती, कुद्रेमुखच्या बाबतीत चालू खटला होता. मागणी जितकी नेमकी आणि ती पुढे नेणारी यंत्रणा जितकी तयार, तितका चित्रपटाचा परिणाम अधिक, असे या उदाहरणांवरून म्हणता येते. हवेचे प्रदूषण किंवा तापमानवाढ यांसारख्या, कोण्या एकाकडे बोट दाखवता न येणाऱ्या प्रश्नांत चित्रपटाचे काम त्यामुळेच अधिक अवघड होते.

मर्यादा आणि नैतिक प्रश्न

पहिला प्रश्न सत्यतेचा आहे. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) या ऑस्करविजेत्या निसर्गपटात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक उड्या घेताना दिसतात. ते दृश्य कृत्रिमरीत्या घडवून आणलेले होते, हे नंतर उघड झाले, तरी त्याने पसरवलेला गैरसमज टिकून राहिला. ‘ॲन इन्कन्व्हिनिअंट ट्रुथ’ शाळांत दाखवण्यावरून २००७ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात गेलेल्या खटल्यात न्यायाधीशांनी त्याचा मुख्य वैज्ञानिक आशय मान्य केला, परंतु ९ विधानांवर आक्षेप नोंदवून चित्रपट मार्गदर्शक टिपणांसह दाखवावा असे सांगितले. प्रेक्षक वाढले की चुकीची किंमतही वाढते.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा आहे. भारतात अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत चित्रीकरणासाठी वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळे खात्याच्या कारभारावर टीका करणारा चित्रपट खात्याच्याच अनुमतीने करावा लागतो. काझीरंगातील शिकारविरोधी धोरणावरील बीबीसीच्या २०१७ च्या वृत्तपटानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने त्या संस्थेवर व्याघ्र प्रकल्पांत चित्रीकरणासाठी पाच वर्षांची बंदी घातली. वृत्तपटातील मांडणीविषयी मतभेद असू शकतात, पण या बंदीचा संदेश इतर चित्रपटकारांपर्यंतही गेला. वाघ आणि हत्ती यांच्या मनोहर दृश्यांनी भरलेले, परंतु वनव्यवस्थापनाविषयी मौन पाळणारे चित्रपट अधिक का निघतात, याचे एक कारण येथे सापडते.

तिसरा प्रश्न चित्रपटातील माणसांचा आहे. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’नंतर त्यातील दांपत्याच्या मोबदल्यावरून सार्वजनिक वाद झाला आणि जंगलात राहणाऱ्या काट्टुनायकन समाजाच्या वनहक्कांविषयी चित्रपट फारसे बोलत नाही, अशी टीकाही झाली. ज्यांच्या जीवनावर चित्रपट उभा राहतो, त्यांचा त्यातील आर्थिक व नैतिक वाटा कसा ठरवावा, याविषयी भारतात सर्वमान्य संहिता नाही. आसाममधील तेजपूर येथे रीटा बॅनर्जी यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘ग्रीन हब’ हे केंद्र या प्रश्नाला एक उत्तर देते. ते ईशान्येकडील तरुणांना निसर्गचित्रणाचे प्रशिक्षण देते आणि चित्रपटाचा विषय असलेल्या समाजातूनच चित्रपटकार तयार करते.

चौथा प्रश्न पैशाचा व भाषेचा आहे. परदेशी निधीवर होणारा चित्रपट परदेशी प्रेक्षकाला समजेल अशा बेताने आकार घेतो, आणि मंचांवरील सदस्यत्वाची रक्कम, इंग्रजी उपशीर्षके व शहरी इंटरनेट यांमुळे तो मूळ गावात परतण्याची शक्यता कमी होते. शिवाय मंचाशी झालेला करार संपल्यावर चित्रपट तेथून नाहीसा होऊ शकतो. जुन्या व्हिडिओ कॅसेटींप्रमाणे तो कोणाच्या कपाटात उरत नाही. फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली असल्याने स्वतंत्र चित्रपटकारांच्या कामाचे दीर्घकालीन जतन कोणी करायचे, हा प्रश्नही नव्याने उभा राहिला आहे.

निष्कर्ष

शासकीय काळात माहितीपटाला अफाट प्रेक्षक होता, पण प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. चळवळींच्या काळात प्रश्न होते, पण प्रदर्शनाची साधने तोकडी होती. आज साधनेही आहेत आणि जगाचे लक्षही आहे, मात्र चित्रपट आणि त्याचा मूळ समाज यांतील अंतर वाढण्याचा धोका आहे. परिणामकारक ठरलेल्या उदाहरणांत चित्रपटाच्या पाठीशी संघटना, खटला, कायदा किंवा प्रशिक्षणाची योजना होती, आणि त्यातील टिकाऊ बदल स्थानिक भाषेत व स्थानिक लोकांच्या सहभागाने घडले. या अनुभवावरून पुढील दिशा पुरेशी स्पष्ट होते. प्रत्येक चित्रपटाची प्रत चित्रण झालेल्या गावाच्या भाषेत काढण्याची तरतूद निर्मितीखर्चातच असावी, विद्यापीठे व जिल्हा ग्रंथालये यांनी माहितीपटांचे संग्रह उभारावेत, चित्रीकरणाच्या परवानगीचे निकष लेखी व पारदर्शक असावेत आणि सहभागी व्यक्तींशी होणारे करार त्यांना समजेल अशा भाषेत व्हावेत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहण्याची गरज नाही. पर्यावरणपटांची खरी पोहोच यापुढे पारितोषिकांच्या यादीवरून न मोजता, मणिबेलीच्या विस्थापितांना किंवा मुंबईच्या कोळ्यांना आपल्यावरचा चित्रपट आपल्या भाषेत पाहून त्यावर आपले मत देता येते की नाही, यावरून मोजावी लागेल.